भगवानदादा मराठवाड्याचे नव्हेत, आणि ‘एका रात्रीत’ तर मुळीच नव्हेत

परभणीच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर चार-सहा महिन्यांनी फिरून येतो: ‘आपल्या मराठवाड्याचा भगवानदादा ‘अलबेला’मुळे एका रात्रीत स्टार झाला, एका थापडेत ललिता पवारचं करिअर संपवलं आणि एक सिनेमा पडताच रस्त्यावर आला.’

आधी गावाचं बोलू. भगवानदादा, म्हणजे हिंदी सिनेमातले नट-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, १९१३ साली जन्मले अमरावतीत, म्हणजे वऱ्हाडात. आपण तेव्हा निजामाकडं. शेजारच्याचं पोर आपल्या रेशनकार्डावर कशाला चढवायचं? वाढलेही ते मुंबईत, गिरणी कामगाराच्या घरात.

‘एका रात्रीत’ वाचलं की मात्र माझं डोकं फिरतं. मूकपटात शिरलेला हा माणूस १९३८ च्या ‘बहादूर किसान’पासून दिग्दर्शनात होता, ‘अलबेला’ आला १९५१ ला. मधली तेरा वर्षं काय झोपले होते? कमी पैशातले स्टंटपट, एकामागून एक. उड्या, हाणामाऱ्या, स्वतःच नट, स्वतःच दिग्दर्शक. १९४१ ला ‘वनमोहिनी’ नावाचा तमिळ सिनेमासुद्धा केला. पुढं चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ.

त्यांचा नाचही त्या मारामाऱ्यांतूनच आला, असं माझं मत. गणपतीत बँडवाल्यानं ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ धरलं की आमचे मामा भगवानदादांच्या ढंगात उतरतात: गुडघे जरासे मोडलेले, हात छातीपाशी अर्धेच उचललेले, पाऊल जागच्या जागी आणि खांदे मोकळे. साठीतल्या, पोट सुटलेल्या माणसालाही जमतं. पण एवढं कमी हलून पडदा भरायचा, तर अंग आधी किती आपटलेलं असावं लागतं!

थापड खरी आहे. १९४२, ‘जंग-ए-आझादी’चं शूटिंग. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू राहिला. पण तो प्रसंगातला मार होता, हात जोरात बसला. आणि करिअर संपलं म्हणता, तर ‘अनाडी’चं फिल्मफेअर कोणाला मिळालं? दूरदर्शनवरची मंथरा कोण होती?

बंगला, गाड्या गेल्या, हे मान्य. पण एका सिनेमात नाही. ‘झमेला’ला ‘अलबेला’ची सर आली नाही, तरी १९५६ चा ‘भागम भाग’ चालला. उतरण वर्षानुवर्षांची होती आणि तेव्हाही ते काम करतच होते, लहानसहान का होईना. २००२ ला गेले ते दादरच्या आपल्या घरात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर आलं: ‘बरं, माणूस वऱ्हाडाला देऊन टाक. नाच नाही देत.’