पिक्चरचा हिशेब कोटीत नको, तिकिटात सांगा

दर सोमवारी सकाळी मोबाईल उघडला की एक पोस्टर दिसतंच, अमुक पिक्चर तीन दिवसात शंभर कोटी, तमुक पाच दिवसात दोनशे कोटी, मागे आगीच्या ज्वाळा आणि पुढे हिरो पाठमोरा. मी अकाउंट्सवाली बाई, आकडा दिसला की तो कशाचा आहे हे बघायची सवय लागलेली, आणि या पोस्टरवर नेमकं तेच कधी लिहिलेलं नसतं. ग्रॉस (करासकट) आहे का नेट (कर वजा करून), भारतातलं आहे का जगभरातलं, निर्मात्याच्या हातात किती आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती माणसं थिएटरात येऊन बसली. दक्षिण कोरियात रोजच्या रोज सरकारी यंत्रणा सांगते की काल कुठल्या पिक्चरला किती प्रेक्षक आले. फ्रान्समध्येही यश मोजतात ते विकल्या गेलेल्या तिकिटांत. आपल्याकडे जगातले सगळ्यात जास्त पिक्चर निघतात आणि अधिकृत आकडा असा नाहीच, जे काय येतं ते निर्माते आणि ट्रेडवाले सांगतील ते.

आता साधा हिशेब करूया, एकदा कराच, कारण मग बाकी सगळं आपोआप कळत जातं. समजा तिकीट 300 रुपये. शंभरच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले जवळजवळ 46 रुपये आधीच सरकारचे. उरले 254. मल्टिप्लेक्स आणि डिस्ट्रिब्युटर (निर्मात्याकडून पिक्चर घेऊन थिएटरांना देणारा) यांच्यात पहिल्या आठवड्यात अर्धं-अर्धं, मग डिस्ट्रिब्युटरचा वाटा उतरत जातो, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. हे 2009 साली ठरलं, तेव्हा निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले एप्रिलपासून जूनपर्यंत भांडत बसले होते आणि मोठा हिंदी पिक्चर लागलाच नव्हता, आठवत असेल काहींना. म्हणजे तुम्ही 300 दिलेत तरी पिक्चरच्या बाजूला जातात 127, ते पण पहिल्याच आठवड्यात, आणि त्यातून डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, पब्लिसिटीचा खर्च वजा व्हायचाच आहे. या दराने थिएटरातून 100 कोटी परत मिळवायचे तर जवळजवळ 79 लाख तिकिटं विकली गेली पाहिजेत, सगळी 300 ची आणि सगळी पहिल्या आठवड्यात. पण देशभरात सगळीकडे 300 चं तिकीट कुठंय? ऑरमॅक्स या सिनेमाधंद्याचे आकडे काढणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टप्रमाणे 2024 मध्ये देशातलं सरासरी तिकीट होतं 134 रुपये. त्या सरासरीने धरलं तर तेच 100 कोटी सुटायला पावणेदोन कोटी माणसं लागतात. आणि पिक्चरचं बजेट असतं 300 कोटी, 400 कोटी!

त्याच रिपोर्टमधली अजून एक गोष्ट बघा. 2023 मध्ये देशात सगळ्या भाषा मिळून 94 कोटी तिकिटं विकली गेली, 2024 मध्ये 88 कोटी. पण रुपयातला धंदा सव्वाबारा हजार कोटींवरून साधारण 11 हजार 800 कोटींवर आला. म्हणजे रुपये घटले तीन टक्के आणि माणसं घटली सहा टक्के. तिकीट महाग करून पोस्टरवरचा आकडा सांभाळता येतो पण माणूस थिएटरात येणं बंद करतोय ते त्या आकड्यात दिसत नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

बरं, हे शेकडो कोटी जातात कुठे? वाई माझं माहेर. मेणवलीचा घाट म्हणजे हिंदी पिक्चरवाल्यांचं लाडकं लोकेशन, आम्ही लहानपणापासून शूटिंग बघत आलोय. माझा एक चुलत भाऊ शूटिंगला गाड्या लावतो. मागे एका मोठ्या हिंदी पिक्चरचं शूट होतं तेव्हा मी माहेरी होते, दादाबरोबर गेले बघायला. घाटावर कॅमेरा, लाइट, शंभरेक ज्युनिअर आर्टिस्ट, ते सगळं नेहमीचं. पण रस्त्याच्या कडेला व्हॅनिटीची (कलाकारांच्या मेकअप-आरामाच्या गाड्यांची) जी रांग होती ती मी आधी कधी एवढी लांब पाहिली नव्हती. एकट्या हिरोच्या तीन, एक कपडे-मेकअपला, एक जिमची, एकीत त्याचा आचारी. मेकअपवाला वेगळा, केसवाला वेगळा, ट्रेनर, मॅनेजर, सिक्युरिटी, इन्स्टाला फोटो टाकणारा पोरगा, आणि या प्रत्येकाला गाडी पाहिजे, हॉटेलला रूम पाहिजे, दिवसाचे पैसे पाहिजेत, आणि ते हिरोच्या खिशातून नाही तर निर्मात्याच्या. जनरेटर सकाळपासून धडधडतोय, का तर रिकाम्या व्हॅनिटीतला एसी थंड राहिला पाहिजे. आणि घाटावर उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या आमच्या गावातल्या बायका, ज्या फ्रेममध्ये खरंच दिसणार आहेत, त्यांना दिवसाचे पाचशे रुपये आणि जेवण. दादा म्हणाला, "ताई, आमची बिलं निघायला चार-चार महिने लागतात, बजेट संपलं म्हणतात." तो एवढ्या सहज बोलून गेला, पण मला ते अजून डाचतं. कारण स्पॉटदादा, लाइटदादा, टेम्पोवाले यांच्यापाशी येईपर्यंत पैसे संपतात आणि तेच लोक पिक्चर उचलून धरतात.

हे मी एकटी बाहेरून बघून बोलत नाहीये. करण जोहर, अनुराग कश्यप, फराह खान यांच्यासारखे आतले लोक 2024 मध्ये उघडपणे बोलले की स्टारची फी आणि त्याच्या लवाजम्याचा खर्च परवडेनासा झालाय. करण जोहर तर म्हणाले होते की ज्यांचा पिक्चर पहिल्या दिवशी साडेतीन कोटी करतो ते 35 कोटी मागतात. आता ही फी बजेटचा मोठा घास आधीच खाऊन बसते, मग उरल्या पैशात लेखक आला, सेट आला, व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं) आलं, एडिटिंग आलं. त्यात बाहेरून घेतलेल्या पैशाचं व्याज, स्टारच्या तारखा पुढे गेल्या की सेट भाड्याने उभाच, मीटर चालूच. आणि शेवटी पब्लिसिटी, शहराशहरात इव्हेंट, चार्टर विमानं, होर्डिंग. कॉर्पोरेट बुकिंगच्या नावाखाली निर्माताच आपल्या पिक्चरची तिकिटं विकत घेतो अशी चर्चाही इंडस्ट्रीतलेच लोक करतात, म्हणजे हाऊसफुल्ल दाखवायचं आणि आत खुर्च्या रिकाम्या.

मोठ्या बजेटच्या विरोधात मी अजिबात नाही, हे नीट सांगते. मुघल-ए-आझमच्या शीशमहालाचा सेट उभारायलाच दोन वर्षं गेली होती असं म्हणतात, पण त्यातला काचेचा तुकडा न तुकडा पडद्यावर दिसतो, 1960 साली मराठा मंदिरला तो पिक्चर लागला आणि लोक आजही त्या सेटवरच्या 'प्यार किया तो डरना क्या' गाण्याबद्दल बोलतात. बाहुबलीचा पैसा पडद्यावर दिसला, आरआरआरचा दिसला. आणि कमी पैशातही दिसतो की! 2024 चा मल्याळम मंजुम्मेल बॉईज घ्या, बजेट साधारण 20 कोटी, कोडाईकॅनालच्या गुणा केव्हमध्ये पडलेल्या मित्राला बाहेर काढायची खरी घडलेली गोष्ट, त्या गुहेचा अख्खा सेट उभारला त्यांनी, आणि बघताना वाटतं की आपणच त्या ओल्या काळोख्या फटीत अडकलोय. 200 कोटींच्या वर गेलेला तो पहिला मल्याळम पिक्चर. कन्नड कांतारा 2022 चा, साधारण 16 कोटीत केलेला, धंदा 400 कोटी. तिथे पैसा गोष्टीवर गेलाय, मातीवर गेलाय.

याच्या उलट आदिपुरुष आठवा. काही शे कोटींचं बजेट, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये टीझर आला, व्हीएफएक्सवरून लोकांनी धू धू धुतलं, रिलीज जानेवारीतून जून 2023 वर नेली, पुन्हा काम केलं, पुन्हा खर्च. लागला तेव्हा पहिले तीन दिवस जोरात, सोमवारी आपटला. मग आठवडा व्हायच्या आत 3डी तिकीट 150 रुपये जाहीर केलं, नंतर 112. माझा प्रश्न एवढाच की जे तिकीट दहा दिवसांनी 112 ला देता येतं ते पहिल्या दिवशी त्याच्या अडीच-तीन पट का असतं? कारण पहिल्या तीन दिवसात, म्हणजे पिक्चर कसा आहे हे लोकांना कळायच्या आत, जमेल तेवढं वसूल करायचं. हे प्रेक्षकाला फसवणंच झालं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि प्रेक्षक काही मूर्ख नाही, तो एकदा फसतो आणि पुढचे सहा महिने घरी बसतो. चौघांचं कुटुंब शनिवारी जाणार म्हणजे 1200 ची तिकिटं, वर ऑनलाइन बुकिंगचा चार्ज, पार्किंग, पॉपकॉर्नचा एक टब आणि दोन कोल्ड्रिंक, दोन हजार कुठे गेले कळत नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीचेच 2023-24 चे आकडे सांगतात की त्यांचं सरासरी तिकीट अडीचशेच्या वर आणि खाण्यापिण्यावर माणशी सव्वाशेच्या वर. पॉपकॉर्न महाग का, तर तिकिटातलं अर्धं डिस्ट्रिब्युटरला द्यावं लागतं, पॉपकॉर्नचं सगळं थिएटरकडेच राहतं. घरचा डबा नेऊ देत नाहीत, 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरला हक्क आहे, पिण्याचं पाणी मात्र फुकट दिलं पाहिजे. (पाणी मागून घ्या बरं का, लाजू नका, बरेच जण उगाच बाटली विकत घेतात.)

स्वस्त केलं की लोक येतात का? येतात. 23 सप्टेंबर 2022 ला नॅशनल सिनेमा डे केला, देशभर तिकीट 75 रुपये, एका दिवसात 65 लाख माणसं थिएटरात! ब्रह्मास्त्र तिसऱ्या आठवड्यात होता तरी त्याचे शो हाऊसफुल्ल झाले. पुढच्या वर्षी 13 ऑक्टोबरला 99 रुपये, तेव्हाही 60 लाखांच्या आसपास. कॉलेजची पोरं, पेन्शनर, कामवाल्या मावशी आपल्या मुलींना घेऊन, अशी गर्दी एरवी मॉलमधल्या थिएटरात दिसते का सांगा. म्हणजे माणसांना मोबाईलवरच बघायचंय, थिएटर संपलं, हे जे सारखं ऐकवतात ना, ते मला पटत नाही.

तरी सगळा दोष तिकिटाचा आहे असंही मी म्हणणार नाही, कारण आपलाच मराठी माणूस नाटकाला चारशे-पाचशेचं तिकीट काढून जातो, रविवारी दुपारी, नटून थटून, आधी ओळखीच्यांना विचारतो, "कसंय नाटक?", आणि चांगलंय म्हटलं की जातो. तिथे त्याला भरवसा असतो. पिक्चरवाल्यांनी तो भरवसा घालवलाय. आणि जेव्हा तो भरवसा मिळतो तेव्हा काय होतं ते आपण महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहिलंय. सैराट, 2016, बजेट साधारण चार कोटी, हिरो-हिरोईन कुणाला माहीत नसलेली पोरं, आणि आमच्या साताऱ्याकडे रहिमतपुरात रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे शो लावायला लागले होते, ट्रॅक्टर-टेम्पो भरून माणसं येत होती. 2023 मध्ये बाईपण भारी देवा लागला तेव्हा आमच्या भिशीतल्या सगळ्या मिळून गेलो, माझी सासू वय 71, तिने त्याआधी थिएटरात पिक्चर कधी पाहिला ते तिलाच आठवेना. नऊवार्‍या नेसून आलेल्या बायका, इंटरव्हलला फुगड्या, शेजारच्या अनोळखी बाईने आईंच्या हातात चिवड्याची पुडी ठेवली, कशी आत आणली होती देव जाणे. साधारण पाच कोटींचा पिक्चर आणि धंदा 90 कोटींच्या घरात. यातला एकही पैसा कुणाच्या जिमच्या व्हॅनिटीवर गेला नव्हता.

पण अशा पिक्चरला शो मिळवायला काय मारामारी करावी लागते ते पण माहितीय ना. मोठा हिंदी किंवा साउथचा पिक्चर त्याच शुक्रवारी असेल तर मराठीला सकाळी साडेनऊ नाहीतर रात्री पावणेअकरा. 2015 ला सरकारने मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चरला प्राइम टाइमला शो द्यायचा नियम केला, वाद झाले, तरी निर्माते अजूनही स्क्रीनसाठी हात जोडतायत. आणि तिकीट मात्र चारशे कोटींच्या पिक्चरएवढंच! तीन-चार कोटीत केलेल्या मराठी पिक्चरला 120 रुपये ठेवले तर कुणाचं काय बिघडणार आहे? खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा तिच्यात माणूस बसलेला बरा, तो निदान चहा तरी घेईल. तालुक्याच्या गावातली सिंगल स्क्रीन एकेक करून मंगल कार्यालयं आणि गोडाऊन होऊन बसलीत, दादरचं चित्रा 2019 ला बंद झालं, गावाकडची तर मोजायला नकोत. भारतात पडदे सगळे मिळून दहा हजारांच्या आत-बाहेर, चीनमध्ये ऐंशी हजारांच्या वर. अहो, जिथे पडदाच नाही तिथला माणूस येणार कुठून? एका मोठ्या स्टारच्या फीमध्ये तालुक्याच्या ठिकाणी शंभर-दीडशे सीटची साधी, स्वच्छ, बायकांना नीट टॉयलेट असलेली किती थिएटरं उभी राहतील याचा विचार निर्माते-मल्टिप्लेक्स-सरकार कुणीतरी करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मला विचाराल तर दोन गोष्टी आधी व्हाव्यात. स्टारने फी थोडी घ्यावी आणि पिक्चर चालला तर नफ्यात वाटा घ्यावा, काही जण घेतातही. आणि बहुतेक थिएटरांतलं तिकीट आता कॉम्प्युटरवरच फाटतं, तर दर सोमवारी किती तिकिटं विकली गेली हे जाहीर करायचा नियम करावा, जीएसटीसाठी माहिती जातेच आहे सरकारकडे.

तुमच्या गावात, तालुक्यात थिएटर चालू आहे का, बाल्कनीचं तिकीट किती, आणि मराठी पिक्चरला शो किती वाजताचा मिळतो, एवढं खाली लिहा. सोलापूर, परभणी, चंद्रपूर, रत्नागिरी, बेळगावकडचे लोक असाल तर नक्की लिहा, मला सगळं एका शीटमध्ये मांडायचंय.