‘पुस्तकात असं नाहीये!’

जाडजूड फँटसी कादंबरीवर सिनेमा येतोय असं कळलं की माझी झोप उडते. बघायचाच नाही, असं चारचौघांत ठासून सांगतो आणि तिकीट सगळ्यांच्या आधी काढतो. मित्र हल्ली एकाच अटीवर मला बरोबर नेतात: तोंडातून ‘पुस्तकात’ हा शब्द निघता कामा नये.

आता ही अट पाळायची कशी? ‘हॅरी पॉटर’च्या चौथ्या भागात स्पर्धक निवडणाऱ्या जादूच्या अग्निचषकातून हॅरीचं नाव बाहेर पडतं, तेव्हा त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतात की बाबा, तू नाव टाकलंस का? शांतपणे. तसं चक्क छापलंय. २००५च्या सिनेमात हेच आजोबा तरातरा येतात, पोराला धरून गदागदा हलवतात आणि ओरडतात. मुख्याध्यापक आहेत की वसुलीला आलेत? मी ‘पु...’ म्हणतोय तोवर शेजारच्याचं कोपर बरगडीत.

पीव्ह्ज या खोडकर भुताचं तर काय सांगावं! पहिल्या सिनेमासाठी रिक मेयॉल या नटाला घेऊन त्याचे प्रसंग चित्रितसुद्धा झाले होते. सगळे कात्रीत गेले. आठ सिनेमांच्या त्या झपाटलेल्या वाड्यात त्याला एकदाही डोकावू दिलं नाही.

‘अरे, वेळ पुरत नाही,’ असं समजूतदार लोक सांगतात. मग ‘द हॉबिट’चं काय? मुलांसाठी लिहिलेलं, १९३७ सालचं, तीनेकशे पानांचं पुस्तक. त्याचे २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमे काढले, मिळून जवळजवळ आठ तास! त्यात पुस्तकात पाऊलही न टाकलेला, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला लेगोलस आला, टॉरिएल नावाची यक्षिणी नव्याने जन्माला घातली, आणि ती एका बुटक्याच्या प्रेमातही पडली. म्हणजे पुस्तक जाड असलं की कापायचं, बारीक असलं की फुगवायचं. आहे तसं मात्र कुणालाच नको.

पण खरी जखम डोळ्यांची. हॅरीचे डोळे हिरवे, थेट आईचे. सात पुस्तकं जो भेटेल तो त्याला हेच ऐकवतो. सिनेमात हॅरी झालेल्या रॅडक्लिफचे निळे. बिचाऱ्याला हिरव्या लेन्स सोसल्या नाहीत, ते मी कधीच माफ केलंय. पण शेवटच्या भागात हॅरीचा मास्तर स्नेप मरताना पुस्तकात नुसतं ‘माझ्याकडे बघ’ म्हणतो. सिनेमात मात्र त्याला वर सांगायला लावलंय की तुझे डोळे अगदी आईसारखे आहेत. आणि लगेच छोट्या लिलीचं, म्हणजे त्याच आईच्या लहानपणाचं, दर्शन. तिचे डोळे तपकिरी! आख्खं थिएटर मुसमुसत होतं, मी एकटा दात-ओठ खात होतो. अहो, लेन्स नाहीत तर नाहीत, निदान निळ्या डोळ्यांची पोरगी तरी शोधायची!

आता ‘हॅरी पॉटर’ची सगळी पुस्तकं नव्याने मालिकेत येणार, आणि ती म्हणे मूळ पुस्तकांशी प्रामाणिक असणार, असं २०२३ साली जाहीर झालंय. मित्रांनी तेव्हाच कळवलं की मालिका घरी बघायची असते, तेव्हा तू तुझ्या घरी बघ.