पटावर नाव घालणं सोपं, पोर टिकवणं अवघड

ऊसतोड कामगारांच्या मुलांना शाळेत परत आणण्यावरचा लेख आवडला. मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन निघाले की दहा-बारा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळायला, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला सोबत जाते. परतते ती मार्च-एप्रिलमध्ये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ नुसार आम्ही तिला वयाप्रमाणे सहावीत बसवतो, पण जोडाक्षरं वाचताना ती अडखळते आणि लाजून यायचीच बंद होते. त्याच कलमात विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, तो तिला खरोखर मिळू द्या! आणि हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोरांची गावातच होणारी सोय, मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी सुरू करा. गाडी भरल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग? आजीजवळ पोर ठेवायला आया तयार असतात, मी स्वतः घरोघर विचारलंय.