शाखा बंद झाल्यावर ग्राहकाने कसे वागावे

ठाण्याच्या नौपाड्यातील आपली बँकशाखा लांबच्या घोडबंदर रस्त्यावरील शाखेत ‘विलीन’ झाल्याची सूचना शटरवर दिसली, की सुजाण ग्राहकाने आनंद मानावा. बँक लांब गेली नसून तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली आहे, असे तिथेच छापलेले असते.

पासबुक भरून घेण्याची खोड सोडावी.

बचत गटाच्या बायकांनी गोळा केलेली रोकड रिक्षाने कापूरबावडीच्या कोंडीतून न्यावी. भाडे व्याजातून सुटेलच. धुणीभांडी करणाऱ्या ज्या मावशींची स्लिप शिपाईकाका भरून देत, त्यांनी आता साक्षर व्हावे आणि तेही इंग्रजीत.

हयातीचा दाखला देताना मात्र विशेष काळजी घ्यावी. पूर्वी खिडकीतले गृहस्थ माझ्या आईला ‘काय काकू, बऱ्या आहात ना?’ असे विचारत आणि अर्जावर तिची सही घेत. यात शास्त्रीय पुरावा नव्हताच. गेल्या नोव्हेंबरात तिला नव्या शाखेत नेले, तेव्हा भांडी घासून गुळगुळीत झालेल्या तिच्या बोटांचे ठसे यंत्राला मान्य झाले नाहीत. मग मोबाइलसमोर बसवून तिला पापण्या मिटायला सांगितले. मोतीबिंदू झालेल्या बाईने नेमक्या क्षणी पापण्या मिटल्या नाहीत, म्हणून ती सरकारदरबारी जिवंत ठरेना. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना रोख पैसे घरपोच द्यावेत, हयातीचा दाखलाही घरी येऊन घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने 2017 सालीच बँकांना कळवले आहे, याची मी आठवण करून दिली. त्यावर टेबलामागच्या तरुणाने शांतपणे विचारले, ‘ॲपवर रिक्वेस्ट टाकलीत का?’

सर्व्हर डाऊन असल्यास वाद घालू नये.

आणि का घालू नये? 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते बँक सामान्य माणसापर्यंत पोहोचावी म्हणून. सामान्य माणसाने कोंडीतून बँक शोधत फिरावे म्हणून नव्हे. ठेवी आमच्या, पेन्शन आमची, त्यांवर धंदा तुमचा आणि खिडकीतले कामही आम्हीच आमच्या मोबाइलवर, आमच्या डेटाच्या खर्चाने करायचे? वर त्याला ‘ग्राहकांची सोय’ म्हणता, याची थोडी तरी लाज वाटू द्या. तरुणांनी खुशाल ॲप वापरावे, त्यांना कोणी अडवलेले नाही. पण म्हाताऱ्यांना आणि अडाणी माणसांना ताटकळत ठेवून वाचवलेले शाखेचे भाडे ही तुमची कार्यक्षमता नव्हे. आठवड्यातून दोन दिवस नौपाड्यात एक टेबल मांडून त्यामागे मराठी बोलणारा एक माणूस बसवायला तुम्हाला नेमके काय जड जाते?