विमान जळलंच नव्हतं

रविवारी सकाळी सातला ताईचा फोन. "तो मेसेज वाचलास का?" कुठला, असं विचारेपर्यंत तो माझ्या मोबाइलवर येऊन पडलाही होता. वर चार मेणबत्त्या, खाली लाल अक्षरांत 'शापित बँड', शेवटी 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. आधी ताईच्या भिशीच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि आता त्याने माझ्या भाच्याच्या पहिल्यावहिल्या दौऱ्यावर घाला घातलाय. ओंकार पुढच्या शुक्रवारी मित्रांबरोबर बेंगळुरूला वाजवायला निघालाय. त्यांच्या यादीत लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडची दोन गाणी आहेत. ताईचं म्हणणं, ती दोन काढा, नाहीतर जाऊच नका. बँकेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई, व्हाउचरवर एक सही कमी असली तर परत पाठवायची. मेसेजवर मात्र सही कोणाची, हे तिने विचारलं नाही. पोराच्या हातात गिटार मी दिली होती, त्यामुळे सध्या घरात आरोपी मीच.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत साठचं दशक संपताना आणि सत्तरच्या दशकात जे रॉक बँड पुढे आले, ज्यांच्या संगीताला सदर्न रॉक म्हणतात, त्या सगळ्यांना म्हणे शाप होता. स्किनर्डने अल्बमवर स्वतःला ज्वाळांत उभं केलं आणि तीन दिवसांत 'विमान जळून खाक, अख्खा बँड ठार'. एका गिटारवाल्याला स्वप्नात सूचना मिळाली म्हणून तो आधीच पळाला. ऑलमन ब्रदर्समधले दोघे 'एकाच जागी, एकाच तारखेला' गेले, त्यातल्या एकाला पीचच्या ट्रकने उडवलं, म्हणून त्यांच्या अल्बमचं नाव 'ईट अ पीच' पडलं. स्किनर्डने गाण्यातून टोमणा मारलेल्या नील यंग या गायकाचे तळतळाट लागले. आणि पुढे ज्यांनी ज्यांनी बँडचं नाव लावलं, त्यातलं कोणी उरलं नाही.

विमानाचं आधी घेतो, ताईची झोप त्यानेच उडवली आहे.

तारखा खऱ्या आहेत, ते मान्य. 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' १७ ऑक्टोबर १९७७ ला बाजारात आला. मुखपृष्ठावर बँड रस्त्यात उभा, मागे-पुढे आगीचे लोळ. २० ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांचं विमान मिसिसिपीत गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळलं. नंतर, अपघातात गेलेल्या गिटारवाल्या स्टीव्ह गेन्सच्या पत्नीच्या विनंतीवरून कंपनीने ते चित्र बदललं आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो लावला. अंगावर काटा येतो, मलाही पहिल्यांदा आला होता.

पण विमान जळलंच नाही. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करतं. त्याचा या अपघातावरचा अहवाल १९७८ चा आहे, आणि कोणालाही वाचायला मिळतो. त्यात आगीच्या मुद्द्यावर एका ओळीत निकाल आहे: आग लागली नाही. लागणार कशी? इंधनच संपलं होतं. आधी एक, मग दुसरं, अशी दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली आणि विमान झाडांत घुसलं. ज्या ज्वाळांच्या चित्रावर हा शापाचा सगळा डोलारा उभा आहे, त्या ज्वाळा अपघातात नव्हत्याच, आणि त्या नसण्याचं कारण आणि विमान पडण्याचं कारण एकच.

अहवालाचा निष्कर्ष असा: वैमानिकांचं इंधनसाठ्याकडे दुर्लक्ष झालं, म्हणून इंधन संपून दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन. उड्डाणाची आखणी अपुरी होती. आणि उजव्या इंजिनात बिघाड होता, नेमका कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त इंधन पीत होतं. विमान कॉनव्हेअर २४०, म्हणजे चाळीसच्या दशकातलं मॉडेल, भाड्याने घेतलेलं. दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलहून लुइझियानातल्या बॅटन रूजला निघालं होतं.

ज्वाळा कोणाला दिसल्याच नाहीत असं नाही. आधीच्या एका उड्डाणात त्याच उजव्या इंजिनातून आगीचा लोळ निघताना विमानातल्यांनी पाहिला होता. कॅसी गेन्सची, म्हणजे स्टीव्हच्या बहिणीची, त्या विमानात बसायची तयारी नव्हती असं वाचलेले सांगतात. ती कोरसमध्ये गायची. सामानाच्या ट्रकमधून जाईन म्हणत होती. शेवटी समजूत घालून तिला बसवलं. बॅटन रूजला पोचल्यावर इंजिन दाखवून घेऊ, असं ठरलं होतं. त्याआधी एरोस्मिथ या दुसऱ्या बँडच्या माणसांनी तेच विमान पाहून नाकारलं होतं, हे त्यांच्याच आठवणींत आहे. अपशकुन म्हणायचाच तर तो हा, आणि त्यासाठी ज्योतिषी लागत नाही, मेकॅनिक लागतो. मेसेजचा राग मला इथे येतो. शाप म्हटला की इंजिन कोणी बघायचं होतं, टाकीत किती आहे ते कोणी मोजायचं होतं, हे विचारायचं कारणच उरत नाही. जिवाची भीती वाटलेल्या बाईला विमानात बसवलं, हेसुद्धा मग नियतीच्या खात्यावर जमा.

'अख्खा बँड ठार' हेही खोटं. विमानात २६ जण होते, ६ गेले: गायक रॉनी व्हॅन झँट, स्टीव्ह आणि कॅसी गेन्स, साहाय्यक रोड मॅनेजर डीन किलपॅट्रिक आणि दोन्ही वैमानिक. २० वाचले, बरेचसे मोडूनतोडून. आर्टिमस पाइल हा ड्रमर मोडलेल्या बरगड्यांनिशी चिखल तुडवत शेतावरच्या घरापर्यंत गेला आणि मदत मागितली. मुखपृष्ठावर आगीत उभे असलेले सात जण मोजा. पाच वाचले. वाईटात वाईट, पण ती भविष्यवाणी म्हणून धरली तर सातात दोन गुण.

त्याच अल्बममधलं 'दॅट स्मेल' हे गाणं मृत्यूची चाहूल होती, असंही मेसेजात ठोकलंय. ते गाणं झालेल्या गोष्टीवर आहे. १९७६ मध्ये बँडचा गिटारवाला गॅरी रॉसिंग्टन याने नशेत आपली नवी फोर्ड टोरिनो ओकच्या झाडावर घातली. रॉनी आणि दुसरा गिटारवाला ॲलन कॉलिन्स वैतागले आणि त्यांनी मित्राला शिव्या घालायच्याऐवजी गाणं लिहिलं. आपल्याकडे असल्या प्रकाराला कानउघाडणी म्हणतात.

स्वप्न पडून पळालेला गिटारवाला म्हणजे एड किंग असणार, कारण अपघाताआधी सोडून गेलेला गिटारवाला तोच. तो १९७५ मध्ये गेला, विमानाच्या दोन वर्षं आधी. कारण स्वप्न नव्हतं, तारा होत्या. आदल्या रात्री रॉनी आणि किंगच्या तारा बदलणारा माणूस, दोघेही पोलिस कोठडीत होते. तारा बदलल्या गेल्या नाहीत, पिट्सबर्गच्या कार्यक्रमात दोन तुटल्या, आणि नंतर रॉनीने वर त्यालाच झापलं. किंगने रात्रीच सामान भरलं आणि कोणाला न सांगता निघून गेला. बँडमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, माणसं अशाच गोष्टींवरून जातात. तार कोणी बदलायची, गाडीत पुढे कोणी बसायचं, पोस्टरवर नाव कोणाचं मोठं. त्याच्या जागी पुढच्या वर्षी स्टीव्ह गेन्स आला.

याच एड किंगचा आवाज ओंकार रोज ऐकतो. 'स्वीट होम अलाबामा' सुरू होताना जो 'वन, टू, थ्री' ऐकू येतो, तो त्याचा. ज्या गाण्याला दक्षिणेचं राष्ट्रगीत म्हणतात त्याची ती सुरुवातीची गत बसवणारा माणूस कॅलिफोर्नियाचा होता. २०१८ मध्ये गेला, आजाराने, साठी उलटल्यावर.

नील यंगच्या तळतळाटाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 'स्वीट होम अलाबामा'त त्याला टोमणा आहे हे खरं. पण त्याच ज्वाळांच्या मुखपृष्ठावर रॉनीच्या अंगात नील यंगचा टी-शर्ट आहे, आणि यंगने नंतर स्वतःच्या आठवणींत तो टोला आपल्याला योग्यच बसला असं लिहिलंय. तळतळाट देणारा माणूस असं लिहीत नाही.

ऑलमन ब्रदर्सबद्दल मेसेज थोडासा बरोबर आहे, आणि ते कबूल करताना मला जड जातंय. गिटारवाला ड्वेन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला जॉर्जियातल्या मेकन गावात मोटारसायकल अपघातात गेला. बेस वाजवणारा बेरी ओकली ११ नोव्हेंबर १९७२ ला, त्याच गावात, मोटारसायकलवरच. दोघेही २४ वर्षांचे. दोन्ही जागांत तीनेक गल्ल्यांचं अंतर. पण एकच जागा नाही, एकच तारीख नाही. एक वर्ष आणि तेरा दिवस. ओकली बसवर आदळला, उठून उभा राहिला, मला काही झालं नाही म्हणाला आणि दवाखान्यात न जाता घरी गेला. कवटीला तडा गेला होता, मेंदूला सूज आली आणि काही तासांत संपला. ड्वेन गेल्यापासून तो सावरलाच नव्हता, हे त्याच्या जवळचे सगळे सांगतात. डोक्याला मार लागल्यावर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा, एवढं त्या मेसेजात लिहिलं असतं तर मीही चार ग्रुपवर पाठवला असता.

पीचचा ट्रक मात्र शुद्ध थाप. ड्वेनच्या वाटेत आलेला ट्रक लाकूड उचलायची क्रेन घेऊन चालला होता. 'ईट अ पीच' हे नाव ड्वेनच्याच एका मुलाखतीतल्या उत्तरावरून घेतलं: जॉर्जियात असलो की शांततेसाठी एक पीच खातो, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला होता. जॉर्जिया पीचसाठी प्रसिद्ध, त्यामुळे मुखपृष्ठावर ट्रकभर मावेल एवढा पीच रंगवला. लोकांनी चित्रातला ट्रक उचलून अपघातात नेऊन ठेवला.

आणि बँड मेल्यामुळे संपला, हेही नाही. दोघं गेल्यावर १९७३ मध्ये त्यांनी 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' काढला, त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला सुमारे सहा लाख लोकांपुढे वाजवलं. बँड फुटला १९७६ मध्ये, कोर्टामुळे. अमली पदार्थांच्या खटल्यात ड्वेनचा भाऊ, गायक ग्रेग ऑलमन याने स्वतःच्याच मदतनिसाविरुद्ध साक्ष दिली. त्या माणसाला ७५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात टिकली नाही, पण ग्रेगबरोबर पुन्हा मंचावर उभं राहायची बाकीच्यांची इच्छा तेव्हा संपली होती. दोन वर्षांनी हेच लोक पुन्हा एकत्र आले, पुन्हा फुटले, १९८९ मध्ये पुन्हा जमले. २००० मध्ये डिकी बेट्स या संस्थापकालाच बाहेर काढलं, आणि ते कळवलं फॅक्सने. तीस वर्षांच्या दोस्तीचा शेवट फॅक्सच्या कागदावर. हे मला कुठल्याही शापापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

स्किनर्डच्या नावाचंही तसंच. अपघातानंतर हे नाव पुन्हा वापरायचं नाही अशी शपथ घेतली होती. १९८७ मध्ये रॉनीचा भाऊ जॉनी याला घेऊन ते परत निघाले, तेव्हा रॉनी आणि स्टीव्हच्या विधवा कोर्टात गेल्या. १९८८ मध्ये समझोता झाला की अपघाताआधीच्या सदस्यांपैकी ठरावीक जण मंचावर असतील तरच हे नाव लावता येईल. याला तिघांचा नियम म्हणतात. २००९ मध्ये कीबोर्ड वाजवणारा बिली पॉवेल गेला तेव्हा मंचावर जुन्यांपैकी एकटा रॉसिंग्टन उरला होता, आणि तरी नाव चालूच राहिलं. कारण तिकीट नावावर खपतं. इथे भूत शोधायचं असेल तर ते वकिलाच्या कपाटात सापडेल.

'कोणीही उरलं नाही' याबद्दल: हो, स्किनर्ड सुरू करणाऱ्या पोरांपैकी आज कोणी नाही. शेवटचा रॉसिंग्टन २०२३ मध्ये गेला. तो ७१ वर्षांचा होता, हृदयाचा जुना रुग्ण, आणि एक मोटार अपघात आणि एक विमान अपघात पचवून पन्नास वर्षं वाजवत होता. ऑलमनचा बेट्स २०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी. तेव्हा मूळ सहांपैकी ड्रमर जेमो मागे उरला, तोही ऐंशीच्या उंबरठ्यावर. सत्तरी-ऐंशीत माणसं गेली तर आपल्या गल्लीत त्याला शाप म्हणत नाहीत.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं, अहवालातलं वाक्य वाचूनही दाखवलं. ती गप्प झाली. पटलं की कंटाळली, कळलं नाही. मग मी ओंकारला फोन लावला.

"जाताय कशाने?"

"ट्रॅव्हलर केलीये मामा. स्वस्तात मिळाली."

"टायर बघितलेस?"

"ते त्यांचं काम आहे ना?"

"ड्रायव्हर किती?"

"एकच. रात्री शो संपला की लगेच परत निघायचं, हॉटेलचे पैसे वाचतात."

आठशेहून जास्त किलोमीटर, रात्रभर, एक ड्रायव्हर. ताईला हे सांगितल्यापासून गाण्यांचा विषय घरात निघालेला नाही. आता दुसऱ्या ड्रायव्हरचे आणि एका मुक्कामाचे पैसे कोण देणार, यावर बोलणी चालू आहेत. रोख माझ्याकडे दिसतोय.