मेव्हन सर्वांत नवी आवृत्ती निवडतो, हा समज चुकीचा

एकाच लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या तर मेव्हन (जावा प्रकल्प बांधणारे आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणणारे साधन) आपोआप नवी आवृत्ती घेतो, असे जावा वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांत सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. तो ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनाचा मूळ नियम. मेव्हन डिपेंडन्सींच्या, म्हणजे प्रकल्पाला आणि त्याच्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररींच्या, झाडात आपल्या प्रकल्पाला सर्वांत जवळची आवृत्ती घेतो, आणि अंतर सारखे असल्यास पॉम फाइलमध्ये (मेव्हनसाठी प्रकल्पाचे वर्णन करणारी फाइल) आधी नोंदलेल्या लायब्ररीमार्फत येणारी. म्हणूनच जॅक्सन या जेसन डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती जवळच्या फांदीवर असली की बिल्ड बिनतक्रार पार पडू शकते आणि सर्व्हरवर मात्र ‘नो सच मेथड एरर’ (हवी ती मेथड सापडत नसल्याची त्रुटी) उगवते. (अशा वेळी लोकल रिपॉझिटरी, म्हणजे आपल्या संगणकावरचा लायब्ररींचा साठा, पुसत बसणे व्यर्थ.) ‘डिपेंडन्सी ट्री’ कमांड ‘व्हर्बोज’ पर्यायासह चालवून वगळलेल्या आवृत्त्या पाहाव्यात आणि हवी ती पॉममधील ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ विभागात नक्की करावी, तेथील नोंद इतर लायब्ररींमार्फत येणाऱ्या आवृत्तीलाही लागू होते.