‘नुसती वायर बदलून बिल लावलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी गाडी चालवूनही भरत नव्हती, आम्ही नुसती वायर बदलून बिल लावलं, तरी तारकर्लीत दुसऱ्या रात्री फ्रीज आणि दिवे बंद पडले. मग तिथल्या इलेक्ट्रिशियनने पुढच्या बॅटरीवरून मागच्या बॅटरीला डायरेक्ट वायर टाकली आणि सगळं चालू झालं.

बिलाचं नंतर बोलू. आधी ती डायरेक्ट वायर काढा, ही कळकळीची विनंती.

तुम्ही टाकलेल्या फोटोत ती लाल वायर ड्रायव्हर सीटच्या रुळाखालून गेलेली दिसते आणि एकाही टोकाला फ्यूज नाही. सीट पुढेमागे सरकून इन्शुलेशन सोललं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर दोन्ही बॅटऱ्या त्यातून शॉर्ट होतील आणि मध्ये तुटायला काहीच नसेल. वायर लालबुंद होऊन मॅटिंग पेटायला वेळ लागत नाही, आणि त्याच गाडीत तुमची मुलं झोपतात. शिवाय सेल्फ मारताना शेकड्यात अँपिअर लागतात, त्यातला वाटा मागची बॅटरी या बारीक वायरीतून द्यायला जाते. तुमची मागची बॅटरी लिथियमची, ती रिकामी असली की मिळेल तेवढा करंट ओढते. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) पंखा हळू फिरतो आणि अल्टरनेटर जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर, म्हणजे पुढून येणारा करंट मर्यादेत ठेवून मागची बॅटरी भरणारा डबा, मध्ये बसवतात तो यासाठीच.

आता वायर का बदलली ते. गाडी आली तेव्हा इंजिन चालू ठेवून पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि चार्जरच्या इनपुटला १२.३. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेतच जात होते. इंजिन बंद ठेवून मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं, कारण करंट वाहत नसला की तूट पडत नाही. निम्म्याहून जास्त तूट अर्थिंगला होती: मागच्या पॅनलआड निगेटिव्हचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच स्क्रूने आवळला होता, खाली पत्रा उघडा केलाच नव्हता. फ्यूज होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. उरलेली तूट ६ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) लांब केबलची. आम्ही पत्रा घासून नवा लग बसवला, प्लस-मायनस दोन्ही १६ स्क्वेअरच्या तांब्याच्या केबल टाकल्या आणि पुढच्या बॅटरीला लागून फ्यूज दिला. तूट ०.४ व्होल्टवर आली आणि क्लॅम्प मीटरवर चार्जर पूर्ण ३० अँपिअर देताना तुम्हाला दाखवला. चार्जर खराब आहे म्हणून नवा विकणं आमच्यासाठी सोपं आणि जास्त फायद्याचं होतं. तो चांगला होता, म्हणून बदलला नाही.

तारकर्लीला पोचलात तेव्हा डिस्प्लेवर शंभर टक्के होतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वाटेत चार्जरने काम केलं. त्यानंतर गाडी जागेवर उभी होती, आणि हा चार्जर इंजिन चालू असतानाच भरतो. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १२८० वॅट-अवर असतात. १५०० वॅटची इंडक्शन पूर्ण पॉवरवर अर्धा तास चालली की इन्व्हर्टरच्या तुटीसकट ८०० च्या वर गेले. ४५ वॅटचा फ्रीज दिवसभरात निम्मा वेळ चालला तरी ५४० जातात. दुसऱ्या रात्री बॅटरी संपणारच होती. डायरेक्ट वायरीने दिवे लागले ते पुढच्या बॅटरीच्या जिवावर. तीही उतरली असती तर गाडी तिथेच अडकली असती.

वायर काढताना इंजिन आणि इन्व्हर्टर बंद करा, दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह आधी सोडवा, मगच लाल वायरीला हात लावा. ती पूर्ण बाहेर काढा, नुसती एका टोकाने लोंबकळत ठेवू नका. जमणार नसेल तर जवळच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या, आमच्याकडेच या असं नाही.

पुण्यात आलात की गाडी घेऊन या. दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जर तुमच्यासमोर पुन्हा तपासू, त्याचे पैसे घेणार नाही. दोन-तीन दिवस एका जागी मुक्काम करायचा असेल तर होमस्टेच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा लिथियमचा चार्जर लागेल. तो आमच्याकडून घ्या किंवा बाहेरून, जोडून आम्ही देऊ.